आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला डिजिटल फोटोफ्रेम: द्यावी की नको?

गोदाकाठची | २ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात आजीला ऐंशी पूर्ण होऊन दहा महिने होतात, म्हणजे हजार पौर्णिमांचा हिशोब भरतो. सहस्रचंद्रदर्शन घरच्या घरीच करायचं ठरलंय. आम्ही नऊ नातवंडं. पाच नाशकात, तीन पुण्या-बंगळूरला, एक टोरांटोत. सगळ्यांनी मिळून एकच वस्तू द्यायची आहे. पैठणी नको, मागच्या दोन तिने महिन्याभरात सुनांना देऊन टाकल्या. चांदीचं तबक दिलं तर ते सरळ लॉकरमध्ये जाईल.

माझ्या डोक्यात डिजिटल फोटोफ्रेम आहे, म्हणजे फोटो आपोआप बदलत दाखवणारा छोटा पडदा. आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागे. १९६९ च्या पुरात तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा फोटोंची ट्रंक खालीच राहिली होती. आजीच्या लग्नाचा आल्बम त्यात गेला. अकरा फोटो वाचले, ते ती देव्हाऱ्याखालच्या खणात बिस्किटांच्या डब्यात ठेवते. उलट आमचे हजारो फोटो आहेत, पण सगळे आमच्या फोनमध्ये. तिच्याकडे बटणांचा फोन.

अडचणी दोन. वायफाय मामाच्या खोलीत, आजी माजघरात, मधली भिंत दोन फूट जाड. आणि दुसरी म्हणजे, ती ते बघेल का? कुणी घरात मोठ्यांना दिली असेल तर खरं काय ते सांगा. दुकानदाराचं ऐकून झालंय.

---

द्राक्षबाग | २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

देऊ नका.

आमच्याकडे पुतण्याने वडिलांना आणली होती. पहिला महिना रोज नवा फोटो. मग दिवाळी झाली, छाटण्या सुरू झाल्या, पुतण्या कामात. तेच वीस फोटो फिरत राहिले. वडील एक दिवस म्हणाले, "काढ ते, माझी मान दुखती." आता ती टीव्हीशेजारी बंद उभी आहे आणि तिला सप्तशृंगीचा फोटो टेकवलाय. देवीला आधार झाला एवढंच.

---

कॉलेजरोडची_काकू | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी घेणाऱ्यांपैकी, म्हणून लिहिते. मुलाने दीड वर्षापूर्वी दिली. मला आवडते. सकाळचा चहा तिच्यासमोरच होतो. नात पहिल्यांदा सायकलवर बसली तो फोटो शाळेत जायच्या आधी आला होता, आणि फोन हातात न घेता, चष्मा न शोधता मी तो पाहिला. या वयात ही छोटी गोष्ट नाही हो.

पण पहिले पंधरा दिवस मी वैतागले होते. दर दहा सेकंदांनी फोटो बदलायचा. हे कोण, कुठे काढलाय, असं म्हणेपर्यंत पुढचा हजर. मुलाला वाटलं मला यंत्र जमत नाही. यंत्र जमत होतं, पळापळ जमत नव्हती. मग सुनेने वेळ पाच मिनिटांवर नेली आणि घर शांत झालं.

रात्री खोलीत उजेड पडतो, त्यालाही वेळ लावून घ्या. माझी साडेनऊला मिटते, सहाला उघडते.

---

सातपूरकर | ३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, म्हणून तुटक वाटेल. बहीण, सासरे आणि साहेबांची आई अशा तीन फ्रेम मी लावून दिल्यात.

गोदाकाठचीताई, आधी भिंत. अशा बहुतेक फ्रेमना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, ५ वालं दिसतच नाही. तुमच्या बाबतीत हे बरंच आहे, कारण जाड भिंतीतून २.४ जास्त चांगलं जातं. तरी दोन फूट म्हणजे फार झालं. माजघराच्या दाराजवळ एक रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा, लावा. मामांच्या राउटरवर दोन्हीचं नाव एकच असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या, नाहीतर जोडणीच्या दिवशी तासभर घाम गाळाल. फोटो एकदा फ्रेममध्ये उतरले की नेट गेलं तरी ते फिरत राहतात. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, आमच्याकडे फायबर दोनदा तुटली. सासऱ्यांना पत्ताही लागला नाही.

आता पडदा. दहा इंची म्हणून विकतात पण आत १०२४ बाय ६०० ठिपके असतात, ते घेऊ नका. चेहरे भुरकट दिसतात. १२८० बाय ८०० पुरेसं. आयपीएस पडदा हवा, म्हणजे आजी पलंगावर आणि फ्रेम कोनाड्यात असली तरी बाजूने रंग उलटेपालटे दिसणार नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत आकारात होते. आपण फोनवर फोटो काढतो उभे. फ्रेम ठेवतो आडवी. ८०० उंचीच्या पडद्यावर उभा फोटो जेमतेम ६०० रुंद बसतो. १२८० पैकी निम्म्याहून जास्त जागा काळी, नाहीतर धूसर पट्ट्यांची. काही फ्रेम 'भरून टाक' म्हटलं की डोकी कापतात. बहिणीकडे मुंजीच्या फोटोत बटू आहे, भटजी आहेत, मामाचं डोकं नाही. म्हणून कात्री आधी फोनवरच चालवायची, मग पाठवायचं. किंवा फ्रेमच उभी ठेवायची. मी सासऱ्यांकडे उभी ठेवली आणि सगळ्यांना तंबी दिली, आडवा फोटो पाठवायचा नाही.

ॲपवाली घ्या, नुसती मेमरी कार्डवाली नको. फ्रेमिओ हे डेन्मार्कचं ॲप वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेममध्ये येतं. फ्रेमवर एक कोड मिळतो, तो ज्याला दिला तो जगातून कुठूनही पाठवू शकतो. फुकटात एका वेळी दहा फोटो आणि पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, आपल्याला रग्गड. फोटोवर ओळही लिहिता येते. लक्षात ठेवा, तिथे फोटो फ्रेमच्या पोटातच राहतात, ढगात म्हणजे इंटरनेटवर नाहीत. फ्रेम गेली की फोटो गेले. मूळ प्रती स्वतःकडे ठेवाच.

गूगल फोटोजचा आल्बम जोडला की काम झालं, असं दुकानदार अजून सांगत असतील तर नीट विचारा. ३१ मार्च २०२५ पासून गूगलने बाहेरच्या ॲपना पूर्ण संग्रह वाचायची मुभा काढून घेतली. ॲपने स्वतः चढवलेलं किंवा आपण निवडून दिलेलं, तेवढंच त्यांना दिसतं. साहेबांच्या आईंची फ्रेम आपोआप भरायची, ती एप्रिलमध्ये अचानक थांबली.

---

उंटवाडी | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

आठ-नऊ हजार घालण्यापेक्षा घरातला जुना टॅब उभा करा ना. स्टँड दोनशेचा. फोटो त्यातही फिरतात.

---

सातपूरकर | ३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

@उंटवाडी, मीही आधी तेच केलं होतं. टॅबला बॅटरी असते. चोवीस तास चार्जरवर लटकवून ठेवला की ती फुगू शकते. माझ्याने पाठीमागची काच उचलली होती. शिवाय मधेच अपडेट मागणार, जाहिरात येणार, आणि आजी म्हणणार 'काहीतरी लाल आलंय'. बहुतेक फ्रेममध्ये बॅटरीच नसते, सरळ ॲडॉप्टरवर. आठ वॉटची फ्रेम दिवसाला चौदा तास चालली तर महिन्याला साडेतीन युनिटही होत नाहीत. लाईट गेली तर बंद, आली की आपोआप सुरू होते का, एवढं दुकानातच प्लग काढून बघा. सगळ्या होत नाहीत.

---

उंटवाडी | ३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

बॅटरीचं पटलं. माघार.

---

देवळाली_ते_टोरांटो | ४ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

मी त्या टोरांटोच्या नातवाच्या जातीचा. आईबाबा देवळाली कॅम्पला. इथून फ्रेम घेऊन गेलो होतो. ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा होता, त्यामुळे फक्त पिनचा प्रश्न आला, तो मेन रोडवर चाळीस रुपयांत सुटला. पण तिकडूनच घेतली असती तर बिघडल्यावर बाबांना दुकान तरी असतं.

खरी गंमत कोडची. बाबांनी तो कोड हौसेने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी सिन्नरच्या काकांचा गुलाबाचा फोटो, वर 'शुभ सकाळ, आनंद वाटल्याने वाढतो'. मग रोज. एकादशीला विठोबा, गुरुवारी स्वामी. माझ्या मुलाचा पहिला दात आणि वर काकांचे सूर्योदय. आई म्हणाली, "राहू दे रे, त्यांना वाईट वाटेल." शेवटी भारतात आलो तेव्हा काकांना पाठवणाऱ्यांच्या यादीतून काढलं आणि ॲप बिघडलंय असं सांगितलं. ते अजून विचारतात, दुरुस्त झालं का.

कोड घरातल्याच दोघा-तिघांकडे ठेवा. बाकीचे त्यांना पाठवतील, ते निवडतील.

---

द्राक्षबाग | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

माझं म्हणणं तेच आहे की निवडणारा कोण? वस्तू आणणारे नऊ असतात. फोटो टाकणारा सहा महिन्यांनी एक पण नसतो. पैसे गोळा करायच्या आधी ते नाव ठरवा.

---

गोदाकाठची | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

द्राक्षबाग, काल रात्री तुमचा पहिला प्रतिसाद भावंडांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग वार लावले. सोमवार माझा, मंगळवार पुण्याचा, असे सात वार, उरलेल्या दोघांनी सणवार घेतले. शाळेत फळा पुसायची पाळी असायची तसं. टोरांटोवाल्याने शुक्रवार मागून घेतलाय.

सातपूरकर, अनेक आभार. डोकं कापलेला मामा आमच्याकडे नको, मामाच पैसे जास्त देतोय.

आणखी एक विचारायचं आहे. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचे फोटो या फ्रेममध्ये टाकावेत का? मामी म्हणते, गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून भिंतीवर असतो, तो वाढदिवसाच्या केकनंतर असा मधेच यायला नको.

---

कॉलेजरोडची_काकू | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:३५

मामींचं चुकत नाही. हे जाऊन चार वर्षं झाली. मुलाने न विचारता यांचे फोटो टाकले होते. मी कुकर लावून बाहेर आले आणि समोर हे, माथेरानला टोपी घालून हसतायत. मी तशीच खाली बसले. शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं, वरणाचं पार पीठ झालं.

मुलाने घाबरून सगळे काढले. आणि मग मला ती फ्रेम परक्या घरातली वाटायला लागली. सगळे आहेत, हेच नाहीत. आठवड्याने मीच सांगितलं, परत टाक. पण माथेरानचा, गाडी पुसतानाचा, पेपर वाचतानाचा टाक. शेवटच्या आजारपणातला एकही नको, आणि हाराचा तर नकोच. हार भिंतीवरच्याला आहे.

आजींना आधी विचारा. फार मोठा प्रश्न करू नका. भाजी निवडताना सहज विचारलंत की खरं उत्तर येतं.

---

जुना_छापखाना | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

उशिरा आलो, पण त्या अकरा फोटोंबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली. कागद ओला झाला की काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

पुरातले फोटो एकमेकांना किंवा काचेला चिकटलेले असतील तर ओढून सोडवू नका. फोटोचा थर जिलेटिनचा असतो, भिजून वाळला की सरसासारखा धरतो. चेहरा काचेवर राहील आणि कागद तुमच्या हातात येईल. काचेसकट स्कॅन करा. पुढे जे १९८०-९० मध्ये चिकट पानांचे आल्बम आले, त्यातले निघत नसतील तर दात साफ करायचा दोरा खालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. चाकू नको.

बाजारातल्या कुठल्याही दुकानात साधा फ्लॅटबेड स्कॅनर असतो. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, भागवू नका, ६०० सांगा. त्या काळचे फोटो तीन-साडेतीन इंचांचे असतात. साडेतीन बाय पाचचा फोटो ६०० वर २१०० बाय ३००० ठिपके देतो, त्यातून एकेक चेहरा वेगळा काढता येतो. डाग पुसायला लावू नका दुकानदाराला. हल्ली ते बटण दाबून चेहरे गुळगुळीत करतात, आजी स्वतःला ओळखणार नाहीत. पुराचा डाग पण घरचाच आहे.

आणि स्कॅनच्या आधी एक दुपार आजींजवळ बसा. प्रत्येक फोटोत डावीकडून कोण कोण ते विचारा, फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. मागे लिहायचं तर शिसपेन्सिलने, तेही कडेला. बॉलपेन पुढून उमटतो. आमच्या आईच्या एका फोटोत मधली बाई कोण हे आता जगात कुणालाच माहीत नाही. मी तीन वर्षं 'उद्या विचारू' म्हणत राहिलो होतो.

अवांतर: चलच्चित्राआधी फोटोग्राफीचा धंदा केलेले दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकला आणि गेले आपल्या नाशकातच, १६ फेब्रुवारी १९४४ ला. तुमच्या आजींचा जन्म साधारण त्याच सुमाराचा दिसतो. आता पांडवलेण्यापाशी स्मारक आहे, तिथे लोक सेल्फी काढतात.

---

उंटवाडी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

छापखाना काका, दोऱ्याची युक्ती भारी. आजच आईच्या आल्बमवर केली, बारापैकी अकरा सुटले. बारावा तसाच ठेवला.

सातपूरकर, एक शंका. आयफोनचे फोटो आमच्या कार्डवाल्या फ्रेममध्ये दिसत नाहीत, आणि काही आडवे झोपतात. फ्रेम खराब का?

---

सातपूरकर | ५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

फ्रेम ठीक आहे. २०१७ पासून आयफोन एचईआयसी प्रकारात फोटो साठवतो, स्वस्त फ्रेमना तो वाचता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कंपॅटिबल' करा, पुढचे जेपीजी येतील. जुने बदलून घ्यायला लागतील. झोपलेल्या फोटोंचं कारण असं, की फोन फोटो फिरवत नाही, 'हा उभा दाखव' अशी चिठ्ठी आत ठेवतो. फ्रेम ती चिठ्ठी वाचत नाही. फोनवर किंचित कापून पुन्हा सेव्ह केला की बहुतेक वेळा सरळ होतो. कार्ड ३२ जीबीच्या वरचं असेल तर तेही बदलून बघा, मोठी कार्डं एक्सफॅट नावाच्या पद्धतीने साठवतात आणि जुन्या फ्रेमना ती चालत नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो फ्रेमपुरता चालतो. लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते, आपला पडदा १२८० चा. पण तारीख पुसली जाते, म्हणून 'तारखेप्रमाणे लाव' म्हटलं की २०१४ ची मुंज आणि कालचा डोसा शेजारी येतात.

राहिलं एक. अगदी अनोळखी नावाच्या फ्रेममध्ये फार जुनं अँड्रॉइड असतं आणि त्याला दुरुस्त्या कधीच येत नाहीत. अशी घेतलीच तर राउटरवर पाहुण्यांचं वेगळं वायफाय असतं, त्यावर जोडा. मामा ज्या वायफायवर बँकेचे व्यवहार करतात त्यावर नको.

---

गोदाकाठची | १४ डिसेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, कारण तुम्हाला सांगायचं राहिलं.

भाजी निवडता निवडताच विचारलं. आजी म्हणाली, "तुझ्या आजोबांना टाक की, त्यात काय. पण त्यांचा तो चष्मा नसलेला टाक." तो फोटो कुणालाच माहीत नव्हता. बिस्किटांच्या डब्यात तळाशी निघाला. स्टुडिओतला, मागे रंगवलेला बंगला आणि कारंजं, उजव्या कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग पार बुटांपर्यंत. डाग ठेवला. अकराही फोटोंची नावं रेकॉर्ड केली, दोन तास चाळीस मिनिटं. त्यातली अर्धी वेळ एका फोटोतल्या नथीवर गेली, ती कुणी कुणाला दिली आणि कुणी परत केली नाही.

समारंभ छान झाला. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. फ्रेम सुरू केली तेव्हा तिने आधी हात जोडले, मग विचारलं, "याचं बिल कोण भरणार?" सातपूरकरांचा साडेतीन युनिटांचा हिशोब सांगितला तेव्हा गप्प बसली.

फ्रेम माजघरातल्या कोनाड्यात, उभी. रिपीटर लागला, मामाचं डोकं शाबूत आहे. पाच मिनिटांना एक फोटो. प्रत्येकाखाली नाव लिहितो, कारण पणतवंडं तिला सगळी सारखीच दिसतात. दुपारी झोपताना ती फ्रेमवर क्रोशाचा रुमाल टाकते, पूर्वी टीव्हीवर टाकायची तो. मामाने बंद करायचं बटण दोनदा दाखवलं. ती म्हणते, रुमाल बरा आहे.

आणि द्राक्षबाग, तुमच्यासाठी खास. वारांची गोष्ट तिला कुणीतरी फोडली. आता ती हजेरी घेते. गेल्या शुक्रवारी टोरांटोचं काही आलं नाही, तर शनिवारी सकाळी मामाला म्हणाली, "ते यंत्र बिघडलंय वाटतं, बघ जरा." मामाने पाहिलं, यंत्र ठणठणीत. "मग पोरगं बिघडलं असेल, त्याला फोन लाव." तिकडे रात्रीचे साडेअकरा. त्याने त्याच मिनिटाला स्वयंपाकघरात उभं राहून फोटो काढून पाठवला, मागे न घासलेली भांडी. तोच तिला सगळ्यात आवडलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि भांड्यांवर बोट ठेवते.

आता मामी म्हणते तिच्या आईलाही द्यायची, ओझरला. तिथे वायफाय नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसातून एकदा जोडलं तर भागेल का? सातपूरकर, सुट्टी मिळाली की सांगा.

---

सातपूरकर | १५ डिसेंबर, दुपारी १:१०

भागेल. हॉटस्पॉट २.४ वर ठेवा. जोडलं की तोवर पाठवलेले सगळे उतरतात. पण ओझरला वार कोण लावणार?

---

द्राक्षबाग | १५ डिसेंबर, रात्री ८:००

पुतण्याला हा धागा पाठवलाय. देवीचा फोटो तात्पुरता कपाटावर ठेवला आहे.